वटवट्याचा पासपोर्ट फोटो

त्या गावात बारा वर्षांच्या वरचा असा एकही माणूस नव्हता, ज्याला त्यांनी आयुष्यात एकदा तरी "हलू नका" म्हटलं नव्हतं.

शाळेचा दाखला, नोकरीचा अर्ज, गाडी चालवायचा परवाना, परदेशी जायचा पासपोर्ट, कशाचंही काम निघालं की माणूस आधी त्यांच्या स्टुडिओची पायरी चढायचा. आत एक उंच स्टूल, मागे पांढरा पडदा, दोन्ही बाजूंना छत्र्या लावलेले दिवे. भिंतीवर हातभर आरसा आणि आरशाशेजारी सुतळीने बांधलेला कंगवा. सुतळी यासाठी, की आधीचे तीन कंगवे गिऱ्हाइकांच्या खिशात बसून चालते झाले होते. दाराआड खुंटीला एक काळा कोट, त्याच्या खिशात इलॅस्टिकचा तयार टाय. गावातल्या तीन पिढ्यांतले पुरुष त्या एकाच कोटात नोकरीला लागले होते. बँकेचे मॅनेजर, त्यांचा शिपाई आणि त्या बँकेला एकदा चुना लावून गेलेला इसम, तिघांच्याही फोटोत डाव्या खांद्यावर तीच उसवलेली शिवण होती.

"मान सरळ. हनुवटी खाली. एवढी नाही, जमिनीत काय पुरलंय? दोन्ही कान दिसू द्या. हलू नका... हं. झालं, उठा."

अडतीस वर्षं हेच. बारशाला ठेवलेलं नाव कधी गळून पडलं ते त्यांनाही कळलं नाही. लोक आधी पाठीमागे 'हलूनका' म्हणायचे, मग तोंडावर म्हणू लागले, आणि एकदा तर कुण्या दूरच्या नातेवाइकाने पाकिटावर नुसतं 'हलूनका यांस' लिहिलं, तर पोस्टमनने ते दुसऱ्या दिवशी बिनचूक घरी आणून टाकलं. ते रागावले नाहीत. उलट पाकीट जपून ठेवलं.

त्यांच्या मनात सल होता तो वेगळाच. त्यांनी काढलेले फोटो पाकिटात राहत, फायलीत राहत, अर्जाला टाचणी लावून राहत. साहेब लोक त्यांच्यावर शिक्का मारत, तोही नेमका नाकावर. भिंतीवर मात्र त्यांच्या हातचा फोटो कधी लागला नाही. म्हणजे लागायचा, पण माणूस गेल्यावर. घाईघाईत घरच्यांना दुसरा फोटो मिळायचा नाही, मग पासपोर्टचाच मोठा करून फ्रेममध्ये घालायचे. त्या फोटोंचं श्रेय हलूनका स्वतःकडे घेत नसत. ते ज्याचं त्याला. पण जिवंत कुणाचा तरी, आवडला म्हणून, कुणी खिळा ठोकून लावलाय असा एक तरी फोटो आपल्या हातून निघावा, असं त्यांना फार वाटे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला माहीत होतं, कारण तिला सगळंच माहीत असे.

मुलीने स्टुडिओ चालवायला घेतला तेव्हा त्यांनी किल्ल्या खुशीने दिल्या आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला जाऊन स्टुलामागे उभे राहिले. मुलीची रीत वेगळी होती. ती काही बोलायचीच नाही. गिऱ्हाईक बसलं न बसलं, की बटण दाबून मोकळी. हलूनकांना ते बघवेना. एका माणसाचा फोटो ती घेतच होती, तोच मागून गडगडाट झाला, "हलू नका!" माणूस दचकून मागे वळला आणि फोटोत त्याचा फक्त एक कान आला.

"बाबा," मुलगी म्हणाली, "तुम्ही आता घरी आराम करा."

"मी काय केलं? फक्त बोललो."

"तेच ना. तुम्हाला तोंड उघडल्याशिवाय फोटो काढताच येत नाही."

"येतो."

"मग काढून दाखवा एक."

जुना कॅमेरा गळ्यात अडकवून ते घरी आले. काटा बोटात नसून बोलण्यात असला की तो चिमट्याने निघत नाही.

घरामागचं परस ही बायकोची हद्द. भिंतीलगत एक लिंबाचं झाड, त्याच्यापासून कुंपणाच्या खांबापर्यंत कपडे वाळत घालायची दोरी, आणि झाडाखाली एक नळ. तो नळ वर्षभर टपकत होता. बायकोने सांगून सांगून तिच्या सांगण्यालाही गंज चढला होता. "उद्या बोलावतो नळवाल्याला," असं हलूनका म्हणायचे, आणि तो उद्या काही उजाडायचा नाही.

पण त्या गळक्या नळाने एक काम केलं होतं. नळाखालच्या खळग्यात कायम ओंजळभर पाणी असे आणि त्यासाठी सकाळपासून पाखरं यायची. चिमण्यांची झुंड यायची, पाणी पिण्यापेक्षा भांडायची आणि जायची. आणि सगळ्या गेल्या की एकटा एक वटवट्या यायचा. अंगठ्याएवढा जीव, पाठ राखाडी, पोट फिकट पिवळं, डोळ्यांवर भुवईसारखी पांढरी रेघ, आणि शेपूट अशी ताठ उभी की जणू कुणी मागून खोचून ठेवलीये. आधी लिंबाच्या खालच्या काटेरी डहाळीवर बसायचा, चारी बाजूंना बघून घ्यायचा, मग नळाच्या तोटीला उलटा लोंबकळून, पडणारा थेंब खाली पडायच्या आत टिपायचा. आणि पाणी पिऊन झालं की गायचा. एवढ्याशा गळ्यात तेवढा आवाज ठेवायला जागा कुठे होती, देव जाणे.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून हलूनकांनी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "बैठक चांगली आहे."

"कुणाची?" बायकोने विचारलं.

"त्याची. पाठ ताठ आहे बघ. नाहीतर आपली माणसं. स्टुलावर बसली की पोत्यासारखी."

त्या दुपारी कपाटातली नवी पांढरी चादर लिंबाच्या डहाळीमागे दोरीवर टांगली गेली. खिडकीत स्टँड उभा राहिला. पक्ष्यांचे फोटो हिरव्या पानांत काढतात, बाजूने काढतात, एवढं त्यांनाही माहीत होतं. पण पाठीमागे पांढरा पडदा नसेल तर त्यांना माणूस काय, पक्षीही उघडा वाटायचा. आणि बाजूने? अर्ध्या तोंडाचा फोटो कोण स्वीकारेल?

दुसऱ्या दिवशी वटवट्या आला. डहाळीवर बसला. हलूनकांनी श्वास रोखला, डोळा लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हलू नका... हं!"

फोटो उत्तम आला. पांढऱ्या चादरीवर लिंबाची डहाळी, एकेक काटा मोजून घ्यावा इतकी स्पष्ट. पक्षी नव्हता.

चार दिवसांत त्यांनी अशा रिकाम्या डहाळीचे दोनशे फोटो काढले. काहींत ती जराशी हलत होती, एकात कोपऱ्यात शेपटीचं टोक होतं. न बोलण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही असं नाही. ओठ घट्ट मिटून बसले. पण मग बोटच हलेना. अडतीस वर्षं ते बोट तोंडाचं ऐकत आलं होतं, डोळ्यांचं नाही. तोंडाने हुकूम सोडला नाही तर ते बटणावर नुसतं बसून राही, सरकारी कचेरीतल्या माणसासारखं. वटवट्या आला, पाणी प्याला, मनसोक्त गायला, पंख साफ करून गेला, आणि हलूनका घाम पुसत राहिले.

बायको मात्र त्याच परसात राजरोस वावरायची. दोरीवर कपडे घालताना ती बादलीशी बोलायची, चिमट्यांशी बोलायची, नळाला तर नाव घेऊन शिव्या द्यायची. तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर वटवट्या बसून ऐकत राहायचा.

"तुला कसा घाबरत नाही गं तो?"

"मी त्याला कुठे सांगते, हलू नको म्हणून? आणि त्याला वटवट्या म्हणतात म्हणे. या घरात एक आधीच आहे, दुसऱ्याची सवय व्हायला वेळ लागेल मला."

त्याच रविवारी मेहुणा जेवायला आला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, गावातला दातांचा डॉक्टर. दवाखान्याचं नूतनीकरण चालू होतं आणि त्याला त्याशिवाय दुसरा विषय नव्हता. खुर्च्या नव्या, दिवे नवे, रंग नवा.

"आणि बाहेर बसायच्या खोलीत मोठी भिंत आहे, ताई. समोरच. तिच्यावर धबधब्याचं पोस्टर लावतोय."

"धबधबा?" हलूनका म्हणाले. "दात दुखून आलेल्या माणसाला धबधबा दाखवणार?"

"मग काय दाखवू, भाऊजी?"

आणि हलूनकांच्या तोंडून शब्द गेले. ते बाणासारखे असतात हे त्यांना माहीत होतं, पण वेळेवर आठवलं नाही. "पक्ष्याचा फोटो लाव. मी काढलेला."

मुलीने पाणी पिता पिता ग्लास खाली ठेवला. "बाबा, डहाळीचा म्हणायचंय का तुम्हाला?"

"पक्ष्याचा. समोरून. दोन्ही बाजू सारख्या."

मेहुणा हसला नाही. तोंडात बोटं घातली जात असताना न हसणाऱ्या लोकांत दिवस काढल्यामुळे त्याला चेहरा सरळ ठेवता यायचा. "चालेल. भिंतीवर खिळा ठोकून ठेवतो. आज बरोबर तीन आठवड्यांनी दवाखाना उघडायचाय. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोटो आला तर तुमचा पक्षी. नाहीतर धबधबा."

"आणि खिळ्यावर काहीही लागलं तरी," बायको म्हणाली, "दुसऱ्या दिवशी माझा नळ दुरुस्त. मीच सांगून ठेवते नळवाल्याला."

खिळा. हलूनकांना त्या रात्री जेवण झाल्यावरही तो एक शब्द ऐकू येत होता. जिवंत माणसांच्या खोलीत, रिकामा, आपल्यासाठी थांबलेला खिळा. आणि नळ गेला की वटवट्या गेला. म्हणजे संधी ही एवढीच.

पुढचे दोन आठवडे त्या खिडकीत जे चाललं ते शहाण्या माणसाने बघू नये. त्यांनी तोंडावर मफलर बांधला, तर आतून "हंऊं हंऊं" असा आवाज आला आणि वटवट्याबरोबर चिमण्याही उडाल्या. मग पक्षी यायच्या आधीच वीस वेळा "हलू नका" म्हणून पोटातला साठा संपवून बघितला. पक्षी आला तेव्हा कळलं, साठा संपत नसतो. तोंडात पाण्याचा घोट धरून बसले, तो ऐनवेळी कॅमेऱ्यावर गेला. मुलीने फोनवरून सांगितलं की आपोआप बटण दाबलं जायची सोय असते. हलूनकांनी तिला विचारलं, "मग मी काय करू? चादर धरू?" बायको म्हणाली, द्या इकडे, मी दाबते. ते म्हणाले, मग फोटो तुझा होईल. ती म्हणाली, होऊ दे की. ते काही बोलले नाहीत, आणि त्यांचं न बोलणं घरात इतकं दुर्मीळ होतं की तिने विषय सोडला.

चादर टांगल्यापासून अकराव्या दिवशी शेजारच्या शिवणवाल्या बाई कुंपणाशी आल्या. कापड दिसलं की त्यांना त्याची चौकशी केल्याशिवाय राहवत नसे.

"का हो, ही चादर धुतलीये की नुसतीच टांगलीये? अकरा दिवस झाले, वाळेना होय?"

"वाळली केव्हाच," बायको म्हणाली. "आमच्याकडे फोटो काढून घ्यायला येतात, त्यांच्यासाठी आहे."

"कोण येतं?"

बायकोने डहाळीकडे बोट दाखवलं. शिवणवाल्या बाईंनी डहाळीकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं, मग खिडकीत मफलर बांधून बसलेल्या हलूनकांकडे पाहिलं. "डॉक्टरांना दाखवलंत का?" त्यांनी हळूच विचारलं.

"तोही सामील आहे," बायको म्हणाली.

पुदिन्याच्या कडक गोळ्या ही हलूनकांची शेवटची युक्ती. तोंडात मोठी गोळी असली की जीभ गुंतून राहते, असा त्यांचा हिशेब. तीन दिवस हिशेब बरा चालला, म्हणजे वटवट्या आलाच नाही. दवाखाना उघडायला दोन दिवस उरले असताना, सकाळी, तो आला. डहाळीवर बसला. आणि आजवर कधी नाही ते, मान वळवून सरळ खिडकीकडे बघू लागला. हलूनकांच्या पोटातून "हलू" उसळून वर आलं. त्यांनी ते परतवायला जीव खाऊन दात आवळले.

कडकन आवाज झाला. वटवट्या भुर्रकन उडाला.

हलूनकांनी गोळी तळहातावर काढून पाहिली. ती शाबूत होती. दाढ शाबूत नव्हती.

नव्या दवाखान्याला अजून रंगाचा वास येत होता. बाहेरच्या खोलीत गाल धरून बसलेल्या हलूनकांच्या बरोबर समोर ती भिंत होती, मोठी, मलईच्या रंगाची, आणि मधोमध खिळा. खिळ्याखाली भिंतीकडे तोंड करून, कागदात गुंडाळलेलं काहीतरी मोठं टेकवून ठेवलं होतं. त्याच्या एका फाटलेल्या कोपऱ्यातून निळं पाणी दिसत होतं. हलूनकांनी मान फिरवली. दाढ त्यामुळे जास्त दुखली की पाण्यामुळे, सांगता आलं नसतं.

"उघडायच्या आधीच पहिले पेशंट तुम्ही," मेहुणा म्हणाला. "बसा. मान सरळ, भाऊजी. हनुवटी जरा खाली. एवढी नाही." मग डोळ्यांवर दिवा ओढत तो म्हणाला, "हं. आता हलू नका."

हलूनका हलले नाहीत. हलण्यासारखं त्यांच्यात काही उरलंच नव्हतं. डोळ्यांत दिवा, समोर कुणीतरी वाकलेलं, हात कुठे ठेवायचे ते कळत नाही, नाकाला खाज सुटलीये आणि खाजवायची सोय नाही. म्हणजे हे असं वाटतं तर, त्यांच्या मनात आलं. अडतीस वर्षं सगळं गाव हे असं वाटून घेत होतं. आणि वर पैसे देऊन, धन्यवाद म्हणून जात होतं.

दाढ निघाली. अर्धं तोंड बधिर, गालात कापसाचा बोळा.

"तीन तास बोलायचं नाही," मेहुण्याने बजावलं.

"तीनच?" बायकोने विचारलं.

घरी येऊन ते खिडकीत बसले. कॅमेरा स्टँडवर होताच. बसायला दुसरी जागा त्यांना सुचली नाही इतकंच. दुपार उतरायला लागली होती, चादरीवर लिंबाची सावली हलत होती. नळाचा थेंब पडायचा, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. बायको त्यांच्या मागे ओट्याशी कपबशा पुसत होती.

वटवट्या आला.

डहाळीवर बसला, शेपूट वर केली, मान डावीकडे, उजवीकडे. हलूनकांनी डोळा लावला. तोंड उघडलं, पण ओठ कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे लोंबत राहिले. "अ..." एवढाही आवाज निघाला नाही. पक्षी बसून होता. आजवर एवढा वेळ तो त्यांच्या कॅमेऱ्यासमोर कधी बसला नव्हता.

आणि बोट हलेना.

त्यांनी मनातल्या मनात ओरडून बघितलं. बोटाला मनातलं ऐकू येत नव्हतं. कपाळावरून घाम ओघळून डोळ्यात गेला. वटवट्याने एक पंख पसरून त्याखाली चोचीने खाजवलं, मिटला, आणि तो आता नळाकडे झेपावणार, नंतर जाणार, नंतर परवा, नंतर धबधबा.

मागे कपबशीचा आवाज थांबला. बायकोने ओला हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. बादलीशी बोलायची त्याच आवाजात, घरगुती, सपाट, तिने म्हटलं,

"हलू नका... हं."

तो आवाज ओळखीचा, म्हणून वटवट्याने मान वळवून सरळ खिडकीत पाहिलं. आणि हुकूम ओळखीचा, म्हणून बोटाने बटण दाबलं.

तो तरीही उडाला नाही. स्टुडिओत यानंतर "झालं, उठा" म्हणायचं असतं. ते म्हणायला तोंड नव्हतं, आणि बायकोला तेवढं सुचलं नाही किंवा तिने मुद्दाम म्हटलं नाही. म्हणून तो बसून राहिला. हलूनकांनी कॅमेऱ्यावरून डोळा काढला. समोर कुणीतरी बसलंय आणि आपल्याला त्याला काहीही सांगायचं नाही, असं त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच होत होतं. त्याच्या छातीवरची पिसं वाऱ्याने विस्कटत होती आणि पुन्हा बसत होती. थोड्या वेळाने तो नळाला उलटा लोंबकळला, एक थेंब टिपला, आणि गायला. दोघं ऐकत राहिली.

कॅमेऱ्यातलं कार्ड स्टुडिओत पोचलं, मुलीने फोटो उघडला आणि तिथूनच फोन केला.

"आई, बाबांना सांग, आलाय."

"कसा आलाय?"

मुलगी फोनवर बराच वेळ हसत होती. पक्षी समोरून कसा दिसतो हे सहसा कुणी बघत नाही, आणि त्याला कारण आहे. बाजूने दिसणारा नाजूक, गोजिरा वटवट्या समोरून एका गोल पोटावर ठेवलेल्या रागीट डोक्यासारखा दिसत होता. चोच म्हणजे मधोमध एक काळा ठिपका. दोन्ही भुवया तिरक्या, कपाळाला आठ्या असाव्यात तशा. पाठीमागे पांढरा पडदा, मान सरळ, हनुवटी खाली. अर्जात काहीतरी खोट काढणाऱ्या हेडक्लार्कचा चेहरा.

"बाबा," मुलगी म्हणाली, "फोटो पास आहे. फक्त कान दिसत नाहीत."

हलूनकांचे तीन तास अजून व्हायचे होते. त्यांनी फोनमध्ये नुसताच हुंकार दिला. तो अभिमानाचा होता की बधिरपणाचा, मुलीला कळलं असावं, कारण पुढे ती जरा हळू आवाजात म्हणाली, "मोठा छापते. फ्रेम माझ्याकडून."

स्टुडिओच्या यंत्राने मात्र सवयीप्रमाणे आधी एका कागदावर आठ प्रती काढल्या. त्यातली एक हलूनकांच्या पाकिटात गेली.

दवाखाना उघडला त्या दिवशी मोठ्या भिंतीवर वटवट्या होता आणि धबधबा जिन्याखाली. लोक दात दाखवायला कमी आणि नवा दवाखाना बघायला जास्त आले होते. येऊन समोरच्या बाकावर बसत. आणि हलूनका कोपऱ्यातल्या खुर्चीतून, दाढेच्या रिकाम्या जागी जीभ फिरवत, बघत होते. बाकावर बसलेला माणूस आधी गालावर हात ठेवून वाकलेला असायचा. मग त्याची नजर वर जायची. तो हसायचा, गाल दुखायचा, हसू आवरायचा. आणि थोड्या वेळाने, स्वतःला न कळत, पाठ सरळ करायचा. हनुवटी खाली घ्यायचा. सगळा बाक ओळीने ताठ बसला होता. बँकेच्या मॅनेजरांनी तर कॉलर नीट केली.

"कुणी हो काढला?" शिवणवाल्या बाईंनी विचारलं. "हा तर माझ्या थोरल्या दिरांसारखाच दिसतोय. फक्त त्यांच्यापेक्षा जरा प्रेमळ."

हलूनकांनी तोंड उघडलं. हे ऐकण्यासाठी अडतीस वर्षं थांबलेला माणूस जसं उघडेल तसंच. शेजारी बायको बसली होती. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, फोटोकडे बघत होती.

"बोट माझं," ते म्हणाले.

बायकोने मान डोलावली, हिशेब बरोबर आहे अशी. तेवढ्यात दाराशी नळवाला दिसला. खांद्यावर हत्यारांची पिशवी, हाताने गाल धरलेला, गाल लिंबाएवढा सुजलेला. हलूनकांच्या बायकोला पाहताच तो गडबडला.

"काकू, आज तुमचाच नळ होता. निघालोच होतो. पण रात्रीपासून दाढ..." त्याने बाकाकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. "तुम्ही म्हणत असाल तर आधी येतो. एका तासाचं काम. बंद करून टाकतो एकदाचा."

वर्षभर याच माणसाची वाट पाहिलेल्या बायकोने भिंतीकडे एकदा नजर टाकली. हेडक्लार्क तिच्याकडे रोखून बघत होता.

नळवाला पिशवी उचलून निघायलाच लागला होता.

"बसा," ती म्हणाली. "आधी दाढ बघून घ्या. हलू नका."

नळवाला बाकावर जाऊन ताठ बसला.